मोहरीच्या तेलातले विष : साठ वर्षे न सुटलेले कोलकात्याचे कोडे

दरवर्षी 28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो आणि कोलकात्यातील 210, बऊबाजार स्ट्रीट या पत्त्याचे स्मरण केले जाते. 1928 साली याच वास्तूत सी. व्ही. रामन यांना प्रकाशाच्या विकिरणाचा नवा प्रकार गवसला. ते स्मरण योग्यच आहे. परंतु त्याच काळात, तेथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, आणखी एक शोध चालू होता. त्याला नोबेल मिळाले नाही आणि त्याचा दिवसही कोणी पाळत नाही. तो शोध होता एका विषाचा. ते बंगालच्या प्रत्येक स्वयंपाकघरात शिरू शकत होते आणि त्याने किती माणसे मारली याचा नेमका हिशेब कधीही लागणार नाही.

1877 साली तेव्हाच्या कलकत्त्यात एका विचित्र रोगाची साथ उद्भवली. प्रथम मळमळ व जुलाब, मग दोन्ही पायांना सूज. त्वचा तांबूस होई, दाबली की दुखे आणि बोटाचा खळगा तसाच राही. पुढे धाप लागे, हृदय थकत जाई आणि काही रुग्ण अकस्मात दगावत. ज्यांचा जीव वाचे त्यांपैकी काहींची दृष्टी काचबिंदूने अधू होई. रोग घराघराने येई. एकाच चुलीवर जेवणारी माणसे एकदम आजारी पडत आणि केवळ आईच्या दुधावर असलेली तान्ही मुले मात्र बहुधा सुटत. थोड्याच काळात मॉरिशसमधील हिंदी मजुरांतही अशीच साथ दिसली. इंग्रज डॉक्टरांनी तिला ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’ म्हणजे साथीची सूज असे नाव दिले. नाव मिळाले, कारण मात्र मिळाले नाही.

पुढील साठ वर्षे संशयाची सुई मुख्यतः एकाच पदार्थावर स्थिर राहिली, तो म्हणजे भात. यामागचे तर्कशास्त्र समजून घेण्यासारखे आहे, कारण ते मूर्खपणाचे नव्हते. जावा बेटावर एकमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सडलेल्या, म्हणजे कोंडा काढून टाकलेल्या, तांदळाचा आणि बेरीबेरीचा संबंध दाखवून दिला होता. बेरीबेरीच्या एका प्रकारातही पाय सुजतात आणि हृदय निकामी होते. बंगाली माणसाचे मुख्य अन्न भात आणि साथी बऱ्याचदा पावसाळ्याच्या सुमारास येत. तेव्हा दमट हवेत साठवलेल्या तांदळात काहीतरी बिघडत असावे, हे अनुमान स्वाभाविक होते. 1920 च्या दशकात कलकत्ता स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील एच. डब्ल्यू. ॲक्टन आणि रामनाथ चोप्रा यांनी असे मत मांडले की, साठवणीत जंतूंचा प्रादुर्भाव झालेल्या तांदळात विष तयार होते आणि त्यामुळे ही सूज येते.

या उपपत्तीतील अडचणी मात्र रुग्णांच्या खाटेपाशीच दिसत होत्या. बेरीबेरीत मज्जातंतू बाधित होतात, हातापायांना बधिरता येते. साथीच्या सुजेत तसे ठळकपणे आढळत नसे. बेरीबेरीत त्वचेवर अशी लाली येत नाही. शिवाय एकाच बाजारातला तांदूळ खाणाऱ्या दोन शेजारी घरांपैकी एक घर अंथरुणाला खिळे आणि दुसरे ठणठणीत राही. भाताबरोबर बंगालच्या प्रत्येक घरात आणखी एक वस्तू रोज पोटात जात होती. तिच्यावर नजर स्थिरावली नव्हती, कारण ती सर्वांच्या समोरच होती. ती वस्तू म्हणजे मोहरीचे तेल. ज्या समाजात भात खाणारा प्रत्येक जण मोहरीचे तेलही खातो, तेथे केवळ रुग्णांची यादी करून या दोहोंपैकी अपराधी कोण हे ठरवता येत नाही. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे आज पहिल्या वर्षी शिकवतात. त्या काळी ते शिकण्यासाठी माणसे मरावी लागली.

खरे तर अपराध्याचे नाव कागदावर फार आधीच उमटलेले होते. मुंबई सरकारचे रासायनिक पृथक्करणकार आय. बी. लायन यांनी न्यायवैद्यकावरील आपल्या लेखनात आर्जिमोन या वनस्पतीच्या तेलाने झालेल्या विषबाधेची प्रकरणे नोंदवली होती. 1926 साली एस. एल. सरकार यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये याच तेलाच्या विषबाधेविषयी लिहिले. परंतु तुरळक नोंदी म्हणजे पुरावा नव्हे आणि प्रतिष्ठित उपपत्तीसमोर तुरळक नोंदींचे वजन पडत नाही.

ही वनस्पती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. शास्त्रीय नाव आर्जिमोन मेक्सिकाना, मराठीत पिवळा धोत्रा किंवा काटेधोत्रा, बंगालीत शेयालकांटा, हिंदीत सत्यानाशी. धोतऱ्याशी तिचे नाते केवळ नावापुरते. कुळ अफूचे. मूळची ती अमेरिकेतली, युरोपीय व्यापाराच्या काळात इकडे आली आणि पडीक रानात, रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर स्थिरावली. पाने काटेरी, फुले पिवळी, देठ मोडला की पिवळा चीक. तिची बोंडे उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकतात, म्हणजे मोहरीच्या काढणीच्या आगेमागे. बोंडातल्या बारीक, काळसर बिया मोहरीशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की, मोहरी गुळगुळीत आणि ही बी जाळीदार खडबडीत, हा फरक भिंगाखालीच नीट दिसतो. बियांत तेलही भरपूर असते. मळणीत चुकून मिसळायला आणि नफ्यासाठी मुद्दाम मिसळायला याहून सोयीचे बी क्वचितच सापडेल.

1932 च्या अखेरीस कोलकात्यात ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ ही संस्था स्थापन झाली. तेथील आर. बी. लाल आणि एस. सी. रॉय यांनी या साथीकडे साथरोगशास्त्राच्या शिस्तीने पाहिले. रोग कोणत्या घरांत आला, कोणत्या घरांत आला नाही आणि त्या घरांच्या खाण्यात नेमका कोणता फरक होता, हा प्रश्न त्यांनी चिकाटीने विचारला. 1937 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून बोट भाताकडून मोहरीच्या तेलाकडे वळले. त्यानंतरच्या प्रयोगांनी ते पिवळ्या धोत्र्याच्या तेलावर स्थिर झाले. माणसांना असे तेल खाऊ घालून तीच लक्षणे उत्पन्न होतात हे दाखवण्यात आले. असे प्रयोग आजची कोणतीही नैतिकता समिती मान्य करणार नाही. परंतु शंकेला जागा उरू नये अशी त्या काळाची गरज होती.

येथे एका तपशिलाकडे लक्ष वेधावेसे वाटते. 1939 साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये माणसात हा रोग प्रयोगाने उत्पन्न केल्याचा जो निबंध आला, त्याच्या लेखकांत पहिले नाव होते रामनाथ चोप्रा यांचे. तांदळाची उपपत्ती मांडणाऱ्यांपैकी तेच एक होते. स्वतःच्या जुन्या मताला छेद देणारा प्रयोग स्वतःच करणे आणि तो स्वतःच्या नावाने छापणे, याला मी विज्ञानाचा खरा संस्कार समजतो.

विषाचा रेणू हाती लागायला आणखी काही वर्षे लागली. 1948 साली एस. एन. सरकार यांनी ‘नेचर’मध्ये आर्जिमोन तेलातून सँग्विनरीन आणि डायहायड्रोसँग्विनरीन ही दोन अल्कलॉइडे वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. सँग्विनरीन केशवाहिन्यांना शिथिल व झिरपणाऱ्या करते. रक्तातील द्रव भोवतीच्या ऊतींत उतरतो आणि पाय सुजतात. पेशींच्या पडद्यावर सोडियम व पोटॅशियम यांची ने-आण करणारा प्रथिनांचा पंपही ते मंदावते आणि हृदयाच्या स्नायूला याची झळ बसते. मोहरीच्या तेलात धोत्र्याचे तेल सुमारे एक टक्का असले तरी ते माणसाला आजारी पाडू शकते.

भौतिकशास्त्राच्या माणसाला या रेणूचे आणखी एक आकर्षण आहे. तो सपाट आहे, धनभारित आहे आणि अतिनील प्रकाशात पिवळा-नारिंगी चमकतो. म्हणूनच तेलाचा थेंब क्रोमॅटोग्राफीने फाकवून अतिनील दिव्याखाली धरला की, अत्यल्प भेसळही उघडी पडते. त्याहून साधी चाचणी नायट्रिक आम्लाची. तेलात तीव्र आम्ल मिसळून हलवले की, भेसळ असल्यास खालचा थर नारिंगी-लालसर होतो. रेणू सपाट असल्यामुळे तो डीएनएच्या पायऱ्यांमध्येही शिरू शकतो. 1982 साली कोलकात्याच्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायॉलॉजीतील मोतीलाल मैती आणि सहकाऱ्यांनी याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. ज्या शहराला या रेणूने छळले, त्याच शहराने त्याचे वर्तन पायरीपायरीने वाचले.

आणि येथे विष व औषध यांच्यामधली भिंत पातळ होऊ लागते. चोप्रा ज्या प्रयोगशाळेत विषे तपासत, तेथेच ते देशी औषधेही तपासत होते. 1931 साली कोलकात्यातील गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा उन्माद व रक्तदाब यांवरील उपयोग मांडला. चोप्रांनी सहकाऱ्यांसह तिची औषधशास्त्रीय तपासणी केली. पुढे मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरील आपला अनुभव 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला आणि सर्पगंधा जगभर पोहोचली. 1957 साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे तिच्यातील रेसर्पीन मोठ्या मात्रेत दिल्यास काही रुग्णांना खिन्नता ग्रासते, असेही डॉक्टरांच्या ध्यानात आले. वनस्पती आपल्या बचावासाठी रेणू घडवते, आपल्या भल्यासाठी नव्हे. त्यातून भले काय आणि बुरे काय निघावे, हे मात्रा ठरवते.

सँग्विनरीनची गोष्टही वेगळी नाही. मॅक्लिया कॉर्डाटा या अफूच्याच कुळातील वनस्पतीचा सँग्विनरीनयुक्त अर्क आज परदेशांत डुकरे व कोंबड्यांच्या खाद्यात अत्यल्प प्रमाणात मिसळला जातो. भूक सुधारावी आणि आतड्याचा दाह कमी व्हावा, हा हेतू. म्हणजे जो रेणू तेलात दिसताच गुन्हा ठरतो, तोच मोजूनमापून पशुखाद्यात पूरक म्हणून जातो. दुसरीकडे, जनावराच्या पोटात गेलेले सर्व काही तेथेच थांबते असे नाही. 1961 सालीच हकीम आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये सँग्विनरीन दुधात उतरण्याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीतील अफ्लाटॉक्सिनही गाईच्या शरीरात रूप बदलून दुधात येते. कोवळ्या ज्वारीवर गुरे सोडू नयेत हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. त्या पोंग्यांत सायनाइड सोडणारे द्रव्य असते हे शास्त्राने नंतर सांगितले. गोठा आणि स्वयंपाकघर ही दोन वेगळी जगे नाहीत.

महाराष्ट्रात मोहरीचे तेल फारसे खात नाहीत. शेंगदाणा, करडई, जवस यांनी आपल्याला या एका विषापासून बरेचसे दूर ठेवले. तरीही साथीच्या सुजेच्या नोंदी महाराष्ट्रातूनही आहेत. तेव्हा हा दूरच्या प्रांताचा इतिहास म्हणून बाजूला सारता येणार नाही.

या इतिहासाचा सर्वांत क्लेशकारक भाग मात्र शोधानंतरचा आहे. 1937 साली अपराधी सापडला, 1948 साली त्याचा रेणू सापडला, साध्या चाचण्या उपलब्ध झाल्या. 1997 साली लखनौचे मुकुल दास आणि सुभाष खन्ना यांनी आर्जिमोन तेलाच्या विषारीपणाविषयी तोवरच्या सर्व संशोधनाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. त्यानंतर पुढच्याच वर्षी, 1998 च्या ऑगस्टमध्ये, देशाच्या राजधानीत या रोगाची आजवरची सर्वांत मोठी साथ आली. 3000 हून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले आणि 60 हून अधिक मृत्युमुखी पडले. पुढे ग्वाल्हेर, कनौज, लखनौ येथेही साथी उद्भवल्या.

दिल्लीच्या साथीनंतर सप्टेंबर 1998 मध्ये खाद्यतेल बंद वेष्टनातच विकण्याविषयीचा आदेश निघाला. त्याने लहान घाणेवाले अडचणीत आले, अशी टीका झाली आणि ती निराधार नव्हती. ज्याला दिवसाच्या मजुरीतून पावशेर सुटे तेल घ्यावे लागते त्याच्यासाठी वेष्टन हा खर्च आहे. परंतु सुट्या तेलातील विषाचा पहिला बळीही तोच असतो. या पेचाला बंदी हे अपुरे उत्तर आहे. घाण्यापाशी, बाजार समितीत, शहराच्या प्रत्येक प्रभागात तेल तपासून घेण्याची स्वस्त आणि तत्पर सोय असणे, हे खरे उत्तर. आम्लाची एक बाटली आणि एक अतिनील दिवा यांची किंमत एका माणसाच्या उपचाराहून कमीच पडेल.

कोलकात्याच्या शास्त्रज्ञांना कारण शोधायला साठ वर्षे लागली, कारण त्यांना ते ठाऊक नव्हते. त्यानंतरच्या साथींना तशी सबब नाही. एखादे सत्य निबंधात छापले गेले म्हणून ते तेलाच्या डब्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्यासाठी तपासनीस लागतो, प्रयोगशाळा लागते आणि ‘हे तेल तपासले आहे का’ असे दुकानदाराला विचारणारा ग्राहक लागतो. पुढच्या विज्ञान दिनी रामन यांना वंदन करताना लाल, रॉय, सरकार आणि चोप्रा यांचेही स्मरण करावे आणि आपल्या गावात खाद्यतेल तपासून देणारी जवळची प्रयोगशाळा कोठे आहे, हेही शोधून ठेवावे.