घोंगडीची पिशवी आणि कासव

परवा पुण्यात एका हस्तकला प्रदर्शनात लॅपटॉपसाठी पिशवी घेतली. काळ्या घोंगडीची, वर खणाचा पट्टा. आत एक चिठ्ठी होती: कासवाचं चित्र आणि 'समुद्र वाचवा'. मला हसूच आलं. अहो, घोंगडी म्हसवडची! माण तालुका, जिथे प्यायच्या पाण्याची बोंब, तिथे कुठला समुद्र?

घरी येऊन सवयीने नकाशा उघडला आणि गप्प बसलो. म्हसवड माण नदीच्या काठावर. माण भीमेला मिळते, भीमा कर्नाटकात कृष्णेला. कृष्णेचा उगम महाबळेश्वरला, तिथून अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटर. पण बाई निघाल्या पूर्वेला! वाई, कराड, सांगली करत आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळतात. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत काठच्या झाडांवर लटकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या मी पाहिल्यात. ज्या अडकल्या नाहीत त्या कुठे निघाल्या, ते आत्ता कळलं.

ही पिशवी तशी तरुणच. स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीला तिचं अमेरिकन पेटंट मिळालं १९६५ मध्ये. २६ जुलै २००५ ला मुंबईचे नाले तुंबले तेव्हा आपले डोळे उघडले, आणि राज्यात मोठी बंदी आली २०१८ मध्ये. बंदी कितपत पाळली जाते ते भाजीवाल्याकडे बघा. असो.

घोंगडी मात्र जुनी. दख्खनी मेंढीची काळी, जाडीभरडी लोकर; धनगरांनी कातरायची, बायकांनी चरख्यावर सूत काढायचं, सनगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायचं. ताण्याला खळ चिंचोक्यांची. म्हणजे सगळा माल आसपासचाच, आणि फाटलं तर मातीत जाणारा. पावसात मेंढपाळ तिचीच खोळ करून डोक्यावर घेतो.

तिची जागा घेतली पॉलिएस्टरच्या ब्लँकेटने. स्वस्त, मऊ, रंगीत. पण ते धुतलं की बारीक प्लास्टिकचे धागे पाण्यात जातात. आययूसीएनच्या २०१७ च्या अहवालानुसार समुद्रात थेट सूक्ष्म कणांच्याच रूपात पोचणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के असं कृत्रिम कपडे धुण्यातून येतं. तेव्हा चिठ्ठीवरचं कासव अगदीच उपरं नव्हतं म्हणायचं.

खरी अडचण वेगळीच आहे. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी: उंच, पोपटासारखं नाक, मटणाला उत्तम, अंगावर लोकर नावापुरती. लोकरीला भाव नाही, मटणाला आहे. धनगराने काय करावं? कळपात दख्खनी कमी झाली की मागावर घालायला सूत कुठून येणार? पिशव्या शिवून हे थांबेल असं मला तरी वाटत नाही.

गेल्या शनिवारी साताऱ्याला गेलो तेव्हा आज्जीला पिशवी दाखवली. तिने हात फिरवला. "घोंगडं कापून कंप्युटरला घातलं व्हय रं?"

"आज्जी, आपलं जुनं कुठाय?"

"तुझ्या आईनं बोहारणीला दिलं. एक पातेलं आलं त्यात."