नारायणगावची विठाबाई

चैत्र लागला की नारायणगावला पुणे-नाशिक रस्त्याकडेला तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतात. राहुटीवर फडाचे नाव, आत एक बैठक, एक वही आणि फडाचा मॅनेजर. जुन्नर-आंबेगावचेच नव्हे, तर नगर-नाशिककडचेही गावकारभारी येतात, यात्रेची तिथी सांगतात, भावात घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. चैत्री पौर्णिमेची सुपारी महाग, आडदिवसाची स्वस्त. या बाजाराला लोक कौतुकाने तमाशाची पंढरी म्हणतात. या पंढरीचे नाव महाराष्ट्रभर ज्या बाईने नेले ती जन्मली मात्र खऱ्या पंढरीत, १९३५ साली. नाव विठा.

विठाचे आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला. फलकावर लिहिलेले असे : भाऊ-बापू मांग नारायणगावकर. शेवटी गावाचे नाव, मध्ये जातीचे. गंधर्वांच्या कंपनीला किंवा ललितकलादर्शला आपल्या पाटीवर मालकाची जात लिहावी लागली नाही. फडाला ती लिहावी लागली, आणि पुढे राष्ट्रपतींच्या सन्मानाच्या यादीतही विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच नावाने ही बाई ओळखली गेली. तिने ते नाव लपवले नाही. लपवायचे ते आम्हा पाहणाऱ्यांनी, आणि आम्ही लपवलेही. तमाशाला कोण कोण गेले होते हे सकाळी गावात कोणी सांगत नसे.

विठाबाई म्हणजे नाच, एवढेच आज लोकांच्या ध्यानात आहे. हे अर्धेच खरे. ढोलकीच्या फडात गण होतो, मग गौळण, मग बतावणी, लावण्या, आणि मध्यरात्र उलटल्यावर वग. वग म्हणजे नाटकच, पण पडदे नाहीत आणि आडोसाही नाही. जी बाई संध्याकाळी गौळणीत कृष्णाशी भांडली, सोंगाड्याच्या थट्टेला तिथल्या तिथे उत्तर देऊन गेली, तिनेच पहाटे राणी व्हायचे किंवा नवऱ्याने टाकलेली बाई व्हायचे, आणि दिवसभर शेतात राबून डुलक्या घेणाऱ्या हजार-दोन हजार माणसांना रडवायचे. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत, रोज वेगळ्या गावी. असा अभिनय करून दाखवील अशी नटी शहरातल्या रंगभूमीवर शोधावीच लागेल. हे माझे मत आहे. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी एक रात्र उघड्यावर हजार माणसे जागी ठेवून पाहावीत.

स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच दिवसांत बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे अटी घालून ती उठली. विठा तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. १९५७ साली, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. ज्या कलेला सरकारने दहा वर्षांपूर्वी अश्लील म्हटले, तिचाच हा गौरव! आणखी दोन वर्षांनी, १९५९ साली, अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. जयश्री गडकर आणि हंसा वाडकर यांचा तमाशापट. पुण्यात तो दोन वर्षांहून अधिक चालला. फडाला नाके मुरडणारी कुटुंबे तो पाहायला सहकुटुंब गेली. लावणी तीच, ढोलकी तीच. पण तिकीटघर होते, अंधार होता, आणि नाचणारी बाई खरोखर समोर नव्हती.

जपानात किनुयो तानाका नावाची एक थोर चित्रपटनटी होऊन गेली (१९०९-१९७७). तीही लहानपणी मुलींच्या संगीतमंडळीत होती आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी चित्रपटांत आली. १९३३ सालच्या ‘इझूची नर्तकी’ या मूकपटात तिने फिरत्या मंडळीतली नाचणारी पोर रंगवली. मूळ कथा कावाबाता यांची. त्या कथेत गावांच्या वेशींवर पाट्या आहेत : भिकारी आणि फिरते कलावंत यांनी गावात येऊ नये. आमच्या गावांनी अशा पाट्या लावल्या नाहीत, कारण त्यांची गरज पडली नाही. फडाची राहुटी कुठे पडायची आणि त्यांनी पाणी कुठून भरायचे हे सर्वांना ठाऊक असे. तानाकाचा तो चित्रपट मात्र टिकला. आज तो जुन्नरच्या एसटी स्टँडवर बसूनही मोबाइलवर पाहता येतो. वगाची रात्र उजाडली की संपते.

म्हणून विठाबाईची आठवण एका गोष्टीवर येऊन थांबली आहे. दिवस भरलेले असताना ती नाचत होती. कळा सुरू झाल्या. रंगमंचामागे जाऊन ती बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभी राहिली. प्रेक्षकांना पोट दिसेना, तेव्हा कुठे त्यांना काय घडले ते कळले. त्यांनी खेळ थांबवायला लावला. ही कथा आपण तिच्या शौर्याची म्हणून सांगतो. शौर्य आहेच. पण सुपारी घेतलेल्या फडाला रात्र चुकवणे परवडत नसे, हेही त्याच कथेत आहे, आणि सांगताना तेवढेच गळते.

१९९० साली पुन्हा राष्ट्रपतींचा सन्मान झाला, पण अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. १५ जानेवारी २००२ रोजी ती वारली, तेव्हा दवाखान्याचे बिल लोकांनी दिलेल्या पैशांतून भागवावे लागले. पुढे २००६ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने तिच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कांताबाई सातारकर, आमच्या आंबेगावातल्या अवसरीचे नाव लावणारे वसंत अवसरीकर, आणि विठाबाईची कन्या मंगला बनसोडे यांना तो मिळाला. मंगलाबाईंनी स्वतःचा फड चालवला. आईच्या नावाचा पुरस्कार घेताना त्या लेकीला काय वाटले असेल, हे मला पुष्कळदा मनात येते.

माझे वडील विठाबाईच्या तमाशाला जात. आई कधी गेली नाही. बायकांनी जायचे नसे. यंदा श्रावणात तिला मी तो जपानी चित्रपट दाखवला. गाठोडी पाठीवर घेऊन डोंगररस्त्याने चाललेली ती माणसे पाहून तिने विचारले, “हा फड कुठल्या गावचा?” मी सांगितले. थोड्या वेळाने म्हणाली, “विठाबाईचं असं काही असलं तर लाव.”

मी मोबाइल चाळू लागलो, तशी तीच म्हणाली, “राहू दे. तिला पाह्यली नाही, पण ऐकलीय. यात्रेच्या रात्री आम्ही साऱ्या जणी माळवदावर बसायचो. वारा तिकडून आला की शब्द न् शब्द कळायचा.”