मगधाला वैशाली का जिंकता येईना?



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला. आम्ही काही पंडित नाही. गिरणीतली पाळी सांभाळून उरलेल्या वेळात जे वाचलं, तेवढीच आमची शिदोरी. पण गेल्या वर्षावासात ग्रंथवाचन चाललं असताना मागे बसलेल्या एका आजीबाईंनी प्रश्न केला, तो काही डोक्यातून जाईना. आजी म्हणाल्या, "राजा एवढा मोठा, मग त्याला शेजारची वैशाली घेता का येईना? आणि बुद्धानं वज्जींचं गुपित त्याच्या प्रधानाला सांगितलं तरी कशाला?" त्या दिवशी आम्ही वेळ मारून नेली. आज उत्तर देतो.

ही हकिगत इ.स.पूर्व पाचव्या शतकातली. गंगेच्या दक्षिणेला मगध, राजधानी राजगृह. तिथे राजा अजातशत्रू, बाप बिंबिसाराला मारून गादीवर आलेला. गंगेच्या उत्तरेला वज्जींचा संघ. त्यात लिच्छवी प्रमुख आणि राजधानी वैशाली, म्हणजे बिहारमधल्या आजच्या वैशाली जिल्ह्यातलं बसाढ. मध्ये फक्त नदी. जैन ग्रंथांप्रमाणे तर वैशालीचा चेटक हा अजातशत्रूच्या आईचा बाप. म्हणजे स्वारी आजोळावरच!

भांडण कशावरून? जैन ग्रंथ एका हत्तीचं आणि हाराचं नाव सांगतात. आपल्या पाली अट्ठकथेत वेगळी गोष्ट आहे आणि ती आम्हाला जास्त पटते. गंगेवर एक बंदर होतं, अर्धं मगधाचं, अर्धं लिच्छवींचं. डोंगराच्या पायथ्याकडून तिथे मौल्यवान माल उतरायचा. अजातशत्रू 'आज जाऊ, उद्या जाऊ' करीत राही. तोवर लिच्छवी सगळे एकदिलाने जाऊन माल उचलून मोकळे. राजा पोचे तेव्हा बंदर रिकामं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग त्यानं ठरवलं, या वज्जींना मुळापासून उपटायचं.

ठरवलं खरं, पण जमेना. एक तर गंगा आडवी. सैन्य, हत्ती, दाणागोटा सगळं नावांवरून पलीकडे न्यायचं आणि पलीकडच्या काठावर माणसं वाट बघत उभी. म्हणून तर सुनीध आणि वस्सकार या मंत्र्यांना पाटलिगामला तटबंदीचं नगर बांधायला बसवावं लागलं. तेच पुढचं पाटलिपुत्र, आजचं पाटणा. दुसरं, हा राजा अजिंक्य वगैरे मुळीच नव्हता. कोसलच्या पसेनदीशी लढताना आधी जिंकला आणि नंतर जिवंत पकडला गेला. पसेनदीनं सैन्य काढून घेतलं आणि जीव तेवढा सोडला. जैन ग्रंथ म्हणतात की वज्जींशी लढताना त्यानं मोठमोठे दगड फेकणारं महाशिलाकंटक यंत्र आणि मुसळ लावलेला रथ अशी नवी हत्यारं काढली. समोर चेटकाच्या बाजूने नऊ मल्ल आणि नऊ लिच्छवी गणराजे उभे राहिले. साध्या फौजेनं भागलं असतं, तर एवढा खटाटोप कोण करतो?

पण खरं कारण गृध्रकूटावर उघड झालं. राजानं वस्सकाराला तथागतांकडे पाठवलं : वज्जींवर चाल करतो म्हणतो, भगवान काय म्हणतात ते ऐकून ये. आता बघा, तथागत वस्सकाराला उत्तरच देत नाहीत. मागे उभा राहून वारा घालणाऱ्या आनंदाला ते विचारतात. वज्जी वारंवार सभा भरवतात का? एकत्र बसतात, एकत्र उठतात, एकत्र काम करतात का? ठरलेले नियम पाळतात का? वडीलधाऱ्यांचं ऐकतात का? बायका-मुलींवर जबरदस्ती करीत नाहीत ना? चैत्यांचा मान राखतात का? अर्हंतांना संरक्षण देतात का? सातही प्रश्नांना आनंद 'होय' म्हणाला.

यात कुठे तट किती उंच, हत्ती किती, हे विचारलेलं नाही. पहिला प्रश्न सभेचा. (आपल्या विहाराची मीटिंग साडेसातला असते आणि माणसं नऊला जमतात, हे इथे लिहू नये, पण लिहितो.) २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी हेच निदर्शनास आणलं. आपल्या देशात गणराज्यं होती आणि भिक्खुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं माहीत होतं. हे नियम भगवंतांनी त्या काळच्या राजकीय सभांवरूनच घेतले असले पाहिजेत, असं ते म्हणाले.

आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. गुपित कुणी सांगितलंच नाही. वज्जींची सभा उघडपणे भरत होती. हे सात नियम तथागतांनी पूर्वी वैशालीत सारंदद चैत्यावर खुद्द वज्जींनाच दिले होते. ते ऐकून 'लढाईनं वज्जी हाती लागायचे नाहीत, गोड बोलून वश केले किंवा आपसांत फूट पाडली तरच' हा अर्थ वस्सकारानं स्वतःच्या डोक्यातून काढला. तो गेल्याबरोबर तथागतांनी काय केलं? राजगृहाच्या आसपासचे सगळे भिक्खू जमवले आणि तसेच सात नियम संघाला सांगितले. काळजी कुणाची होती ते त्यावरून दिसतं.

पुढचं अट्ठकथेत आहे. भर सभेत वस्सकारानं वज्जींची बाजू घ्यायची आणि राजानं त्याचं मुंडन करून हाकलून द्यायचं, असं नाटक ठरलं. वैशालीत काहींनी सांगितलं की हा कपटी आहे, गंगा ओलांडू देऊ नका. कुणी ऐकलं नाही. उलट त्याला न्यायाचं काम दिलं. मग तो एखाद्या लिच्छवीला बाजूला घेई आणि हळूच विचारी, "शेत नांगरता ना? दोन बैल लावून?" बस्स. इतर विचारीत, आचार्य काय म्हणाले? तो सांगे, नांगरटीचं विचारलं. खरं वाटणार कुणाला? दुसऱ्याला विचारी, आज जेवलात काय? तिसऱ्याला सांगे, तुम्हाला अमका भित्रा म्हणतो.

गिरणीत आम्ही हे डोळ्यांनी पाहिलंय. साचा खात्यातल्यांच्या कानावर कुणीतरी घालायचं की वाइंडिंगवाल्यांचं आतून ठरलंय. दुसऱ्या दिवशी गेट मीटिंगला निम्मी माणसं. आणि एकाच चाळीत दोन जयंत्या निघतात, तेव्हा तरी कोण मगधातून आलेला असतो?

तीन वर्षांत असं झालं की दोन लिच्छवी एका रस्त्यानं जाईनात. नगारा वाजला तर सभेला कुणी येईना, म्हणत, श्रीमंतांनी जावं, शूरांनी जावं, आमचं काय काम? वस्सकारानं निरोप धाडला. अजातशत्रू निघाला. गंगेवर अडवू म्हणून नगारा वाजला, कुणी आलं नाही. वेशी तरी लावू म्हणून पुन्हा वाजला, तरी कुणी आलं नाही. उघड्या वेशीतून राजा आत शिरला.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते, ती लपवीत नाही. जातककथेत वैशालीचे ७७०७ राजे सांगितले आहेत, पण सभेत बसत ते क्षत्रिय कुळांतलेच. त्यांचे दास, शेतात राबणारे, कारागीर यांना तिथे जागा नव्हती. वेशी उघड्या राहिल्या तेव्हा ही माणसं कुठे होती, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

जिंकणाऱ्याला तरी काय मिळालं? पाटलिगाम बांधलं जात असतानाच तथागतांनी सांगितलं होतं की हे अग्रनगर होईल, पण याला तीन भयं आहेत : आग, पाणी आणि आपसांतली फूट. महावंसाप्रमाणे अजातशत्रूला त्याच्याच मुलानं, उदयभद्रानं मारलं. त्याला त्याच्या मुलानं. असं नागदासकापर्यंत चालू राहिलं, शेवटी लोक चिडले आणि त्यांनी ते घराणंच हाकलून शिशुनागाला बसवलं. लिच्छवी मात्र संपले नाहीत. इ.स.च्या चौथ्या शतकात गुप्त राजा पहिला चंद्रगुप्त यानं लिच्छवींची मुलगी कुमारदेवी केली. त्या दोघांच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला 'लिच्छवयः' अशी अक्षरं आहेत, आणि त्यांचा मुलगा समुद्रगुप्त स्वतःला लिच्छवींचा नातू म्हणवून घेत असे.