विष आणि उतारा

अफूचा विषय निघाला की मला आजीची आठवण होते. गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन निजवीत, असे ती सांगे, आणि जरा थांबून म्हणे, "एखादे मूल मग उठतच नसे!"

त्या झोपेच्या इतिहासात औषधाच्या दुकानाचाही वाटा आहे. १८०४-०५ च्या सुमारास जर्मनीतील पाडरबोर्न गावी सर्ट्युर्नर नावाच्या, औषधाच्या दुकानातील तरुण साहाय्यकाने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. वेदनेवर केवढे वरदान! पण मात्रा चुकली की श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात आणि माणूस हातचा जातो. त्यावरील उतारा म्हणजे नालोक्सोन. १९६१ साली अमेरिकेत फिशमन व लेवेन्स्टाइन यांनी त्याच्या पेटंटासाठी अर्ज केला.

उतारा बरीच वर्षे दवाखान्यात राहिला. मरण मात्र घरी येई. २०२१ साली एकट्या अमेरिकेत अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने सुमारे ८०,००० माणसे गेली. तेथे कोपऱ्यावरच्या केमिस्टांना आता शिकवतात, ते गिऱ्हाइकाला सांगतात: लक्षणे कशी ओळखावी, नाकात फवारा कसा मारावा, आणि उताऱ्याचा अंमल अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, म्हणून रुग्णवाहिका बोलवावीच. २०२३ पासून हा फवारा तेथे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून मिळतो.

पण अवघड धडा निराळाच आहे. मागणाऱ्याला हिणवायचे नाही. लाजून परत फिरलेली आई उतारा नेत नाही. दुकानातून निघालेले हे ऋण दुकानानेच फेडावे, हे मला योग्य वाटते. आजीला हे सांगायला हवे होते.