वेढा उठला तेव्हा : संधिवाताचे औषध आणि निद्रिस्त क्षय

१/ सप्टेंबर १९४८. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी रुमॅटॉइड संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीस 'कंपाउंड ई' नावाचे द्रव्य टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली. हेच कॉर्टिझोन. १९५० साली हेंच, केंडल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळाले.

२/ हा हर्ष निर्भेळ राहिला नाही. या व्याधीत रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तिला दडपले की सांधे शांत होतात, पण जंतूंवरचा पहाराही ढिला पडतो. स्टिरॉइडमुळे जुना क्षय पुन्हा उफाळू शकतो, हे त्याच दशकात डॉक्टरांच्या ध्यानी आले होते.

३/ पुढचा अध्याय लंडनचा. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी सांध्यांतील दाहामागे टीएनएफ नावाच्या रेणूचा मोठा हात असल्याचे ओळखले. १९९२ मध्ये त्यांनी त्या रेणूला निष्प्रभ करणारे औषध अवघ्या २० रुग्णांवर वापरण्यास आरंभ केला. गुण विलक्षण आला. हेच इन्फ्लिक्सिमॅब १९९९ मध्ये अमेरिकेत या व्याधीसाठी मंजूर झाले.

४/ आता क्षयाची बाजू. शरीरात शिरलेल्या क्षयजंतूला आपल्या पेशी पुष्कळदा मारीत नाहीत; त्याच्याभोवती वेढा घालून बसतात. किल्ल्यातली शिबंदी जिवंत असते, पण तिला बाहेर पडता येत नाही. असा वेढा वर्षानुवर्षे चालतो आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. हा वेढा टिकविण्यास लागतो तोच टीएनएफ! क्षयाच्या लशीतील जंतू टोचलेल्या उंदरांत हे १९८९ मध्येच दिसून आले होते.

५/ २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० क्षयरुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच क्षय झाला होता. निम्म्याहून अधिक जणांत तो फुप्फुसांबाहेर पसरला होता. आणि बहुतेक रुग्ण क्षय विरळ असलेल्या देशांतले! संशोधकांना सरसकट दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण २० जणांच्या चाचणीत दुर्मीळ धोका सहसा दिसत नाही. तरीही उंदरांनी दिलेला इशारा बारा वर्षे जुना होता, हे नोंदवावेच लागते.

६/ त्यानंतर औषधाआधी छातीचा एक्स-रे व त्वचेवरील मँटू चाचणी, आणि सुप्त क्षय आढळल्यास आधी त्यावर उपचार, अशी रीत पडली. स्पेनमध्ये २००२ पासून हे नियम आले आणि अशी प्रकरणे लक्षणीय घटली. भारतात मात्र मामला गुंतागुंतीचा आहे. सुप्त क्षय इथे घरोघरी, आणि बालपणीच्या बीसीजी लशीमुळे मँटूचा निकालही फसवा ठरू शकतो. त्यामुळे घरात पूर्वी कुणाला क्षय झाला होता का, हा साधा प्रश्न इथे चाचणीइतकाच महत्त्वाचा असतो.