पंडितसर कुणाचे?

२ मार्च २०२४ च्या सकाळी काटोलहून भाच्याचा फोन आला. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भ आणि मध्य प्रदेश यांचा रणजी करंडकाचा उपांत्य सामना त्या दिवशी सुरू होत होता. "मामाजी, तुमी कोनाकडून हो?" त्याने विचारले. मी म्हटले, "पंडितसरांकडून." यावर तो हसला. "ते त आता तुमच्याकडं गेले ना!"

त्याने ते सहज म्हटले. पण 'तुमच्याकडं' हा शब्द माझ्या मनात दिवसभर सलत राहिला. बहिणीचा मुलगा, घरात बोलतो तीच भाषा, पोळ्याची पुरणपोळी तीच, संत्र्याच्या बागेला लागणारा रोगही तोच. आणि तरी त्याचे 'आमच्याकडं' वेगळे, माझे 'तुमच्याकडं' वेगळे. तसे पाहिले तर भाच्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. चंद्रकांत पंडित २०१७ पासून विदर्भाचे प्रशिक्षक होते, आणि २०२० पासून मध्य प्रदेशाचे. आमचा पांढुर्णा आणि सौंसरचा मुलूख मध्य प्रदेशातला. म्हणजे सर 'आमच्याकडं' आले होते. मग आम्हांला आनंद व्हायचा की हळहळ वाटायची, हा प्रश्न होता. क्रिकेटचा तो नव्हताच. त्याची मुळे फार मागे जातात.

नागपूर शहर वसवले ते अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला देवगडच्या बख्त बुलंद या गोंड राजाने. देवगड आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. म्हणजे राजधानी आमच्या बाजूच्या माणसाने तिकडे नेली. पुढे भोसल्यांचे राज्य आले, इंग्रज आले, मध्य प्रांत झाला, त्यात वऱ्हाड मिळाले. पण कचेरी, कोर्ट, कॉलेज, इस्पितळ म्हटले की आमच्याकडची पावले नागपूरकडेच वळत. १९५० मध्ये या जुन्या प्रांताचेच नाव मध्य प्रदेश झाले, आणि त्याची राजधानी नागपूर होती! ही गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर खोटी वाटते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळ झाली. आमच्या आजोबांच्या पिढीने गाव न सोडता राज्य बदलले. लेकी मात्र पूर्वीसारख्याच नरखेड, काटोल, सावनेर, वरूडला देत राहिले आणि तिकडच्या सुना आणत राहिले.

क्रिकेटनेही हीच रेघ मान्य केली. विदर्भाचा वेगळा संघ १९५७-५८ च्या हंगामापासून रणजीत उतरला. सौंसरच्या मुलाला रणजी खेळायची असेल तर त्याची वाट इंदूरच्या मध्य प्रदेश क्रिकेट संघटनेकडून जाते; नागपूरचे मैदान गाडीने दोन-अडीच तासांवर असले तरी ते परराज्याचे. टाळ्या वाजवायला मात्र राज्याची अट नसते, आणि मोठा सामना पाहायचा तो नागपूरलाच, ही आमची सवय कोणत्याही पुनर्रचनेने मोडली नाही.

आता नागपूरचा माणूस इंदूरला जाणे, हेही काही पहिल्यांदा घडले नव्हते. सी. के. नायडू १८९५ साली नागपुरात जन्मले. घराणे तेलुगू, पण माणूस पक्का नागपूरचा. हिस्लॉप कॉलेजात शिकलेला. १९२३ मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर एम.सी.सी.विरुद्ध अकरा षटकारांसह त्यांनी १५३ धावा काढल्या, १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नेतृत्व केले, होळकर संघाला ते आधारवड झाले आणि १९६७ मध्ये इंदूरलाच वारले. होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकली. नागपूरने त्यांना परके मानले का? मुळीच नाही. नागपूर त्यांना आपले म्हणते, इंदूरही आपले म्हणते, आणि दोघांचेही खरे आहे. अर्थात नायडू गेले तेव्हा नागपूर आणि इंदूर यांच्यात करंडकासाठी झुंज नव्हती. रणजी करंडकच १९३४ मध्ये सुरू झाला. जाणारा माणूस उद्या समोरच्या बाजूला उभा राहणार असेल, तर निरोपाची चव निराळी लागते.

पंडितांचे तसे झाले. मूळचे मुंबईकर, आचरेकर सरांचे शिष्य, भारताकडून पाच कसोट्या खेळलेले यष्टिरक्षक. खेळाडू म्हणून कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशाकडून खेळले, आणि १९९९ मध्ये बंगळुरूच्या मैदानावर रणजीच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाचे कप्तान होते. पहिल्या डावाची आघाडी घेऊनही तो सामना कर्नाटकाने जिंकला. ही जुनी जखम लक्षात ठेवावी, पुढे ती कामाला येते. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला रणजी जिंकून दिली, एकदा नव्हे तर तीनदा. पण जानेवारी २०१७ मध्ये इंदूरला गुजरातकडून मुंबई अंतिम सामन्यात हरली, आणि मुंबईने त्यांना पुढे ठेवले नाही. मुंबईला जिंकण्याची इतकी सवय की अंतिम फेरीत पोचणे हे तिथे अपयशच मानतात!

विदर्भाने त्यांना बोलावले. विदर्भ म्हणजे तोवर रणजीतला दुबळा संघ. अंतिम फेरी त्याने कधी पाहिलेली नव्हती. फैज फजल कप्तान, वसीम जाफरसारखा मुरलेला फलंदाज, आणि बाकी पोरे. कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या पाच धावांनी विजय मिळाला, आणि अंतिम सामना पुन्हा त्याच इंदूरच्या होळकर मैदानावर. दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली, अक्षय वाडकर या त्याच मोसमात रणजीत आलेल्या यष्टिरक्षकाने शतक ठोकले, आणि २०१८ च्या १ जानेवारीला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. दोन्ही वर्षी इराणी करंडकही घेतला. साठ वर्षांची रिकामी झोळी दोन वर्षांत भरली.

त्या दिवशी आमच्याकडे काय झाले? सामना मध्य प्रदेशाच्या मैदानावर, जिंकणारा संघ महाराष्ट्रातल्या विदर्भाचा, आणि हर्ष झाला तो मध्य प्रदेशातल्या मराठी घरांना. त्या वेळी कुणाला कुणाकडून असे विचारावे लागले नाही.

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. मी तेव्हा नाराज झालो, हे कबूल करतो. ही नाराजी तर्काची नव्हती. ज्या राज्याची शिधापत्रिका माझ्या घरात आहे त्याच राज्याचा संघ सुधारणार होता. पण लेक सासरी जाताना सासर कितीही चांगले असले तरी आईच्या डोळ्यांत पाणी येतेच ना! मग जून २०२२ उजाडला. बंगळुरूचे तेच मैदान, समोर मुंबई. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार यांची शतके, पहिल्या डावात १६२ धावांची आघाडी, आणि सहा गडी राखून मध्य प्रदेशाचा रणजीतला पहिला विजय. तेवीस वर्षांपूर्वी जिथे कप्तान म्हणून करंडक हातचा गेला, तिथेच प्रशिक्षक पंडित रडले. ते पाहून माझी नाराजी पार विरघळली. हरली ती मुंबई होती, ज्या मुंबईला त्यांनी तीन करंडक दिले होते, ही गोष्टही मी आनंदाने ध्यानात घेतली. इतका मी नागपूरचा आहेच.

असे जगभर होते. अमेरिकेत केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉल प्रशिक्षक रिक पिटिनो याने १९९६ मध्ये संघाला राष्ट्रीय विजेतेपद दिले, आणि २००१ मध्ये तो त्याच राज्यातल्या कट्टर प्रतिस्पर्धी लुईव्हिलकडे गेला. केंटकीच्या लोकांनी त्याला वर्षानुवर्षे गद्दार म्हटले, त्याची हुर्यो केली. आणि २०२४ मध्ये तो पाहुणा म्हणून परतला तेव्हा त्याच प्रेक्षागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. तेवीस वर्षे लागली. आमच्याकडे इतका काळ लागला नाही, याचे श्रेय आमच्या मोठ्या मनाला मी देणार नाही. सरहद्दीवरच्या घराला रोजच दोन्हीकडे जावे लागते, त्याला गद्दार हा शब्द परवडत नाही.

पण २०२४ च्या त्या मार्चमध्ये ही पळवाट बंद झाली. पाच महिन्यांपूर्वीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला होता. नवे जिल्हा कार्यालय, नव्या पाट्या. मध्य प्रदेशाचे नाव कौतुकाने घेण्याचे ते दिवस. आणि जामठ्यावर समोरासमोर पंडितांचे आजचे शिष्य आणि कालचे. विदर्भाचा कप्तान होता तोच अक्षय वाडकर. पहिल्या दिवशी विदर्भ १७० धावांत गारद. भाच्याचा फोन आला नाही. मध्य प्रदेशाला ८२ धावांची आघाडी मिळाली, तरी माझ्या घरी कुणी फटाके काढले नाहीत. मग यश राठोडचे १४१, वाडकरचे ७७, आणि मध्य प्रदेशापुढे ३२१ धावांचे आव्हान. चौथ्या दिवसअखेर सहा बाद २२८. हवे होते ९३.

पाचव्या सकाळी मोबाईल मधोमध ठेवून आम्ही बसलो. घरातला मुलगा मध्य प्रदेशाकडून, त्याची आई काटोलची म्हणून विदर्भाकडून, आणि मी प्रत्येक चेंडूला बाजू बदलत. उरलेले चार गडी तीस धावांत गेले. विदर्भ ६२ धावांनी जिंकला. सरांनीच घडवलेल्या कप्तानाने सरांना हरवले होते.

भाच्याचा फोन आला. चिडवील म्हणून मी तयारीत होतो. तो म्हणाला, "मामाजी, पंडितसरांसाठी वाईट वाटलं." मी विचारले, "आता फायनल कोणाशी?" "मुंबईशी," तो म्हणाला. वानखेडेवरच्या त्या सामन्यात विदर्भ ५३८ धावांचा पाठलाग करताना १६९ धावांनी हरला, वाडकरने चौथ्या डावात शतक केले. त्या पाच दिवसांत मात्र पांढुर्ण्यापासून काटोलपर्यंत कोण कोणाकडून, हे विचारायला कुणी फोन केला नाही.