कार्पेंटर, कॅरन
कार्पेंटर, कॅरन : (२ मार्च १९५०–४ फेब्रुवारी १९८३). अमेरिकन सॉफ्ट रॉक गायिका व ड्रमवादक. जन्म न्यू हेवन (कनेक्टिकट) येथे. १९६३ मध्ये कुटुंब डाउनी (कॅलिफोर्निया) येथे स्थायिक झाले. शालेय वाद्यवृंदात तिने ड्रमवादन आत्मसात केले. थोरला बंधू रिचर्ड (पियानोवादक व संगीतसंयोजक) याच्यासह तिचा ‘कार्पेंटर्स’ हा युगुलसंच १९६९ मध्ये ‘ए अँड एम’ या ध्वनिमुद्रिका कंपनीशी करारबद्ध झाला. ‘क्लोज टू यू’ (१९७०), ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ (१९७३) व ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ (१९७५) ही गीते बिलबोर्ड तालिकेत प्रथम स्थानी पोहोचली. १९७१ मध्ये संचास नवोदित कलावंताच्या पुरस्कारासह दोन ग्रॅमी मिळाले.

खालच्या पट्टीतील भरदार कॉन्ट्राल्टो आवाज, मायक्रोफोनजवळून केलेले संयत गायन व सुस्पष्ट शब्दोच्चार ही तिच्या गायनाची वैशिष्ट्ये. पार्श्वस्वरांसाठी भावंडांचेच आवाज वारंवार मुद्रित करून एकमेकांवर चढविले जात (पहा : ध्वनिमुद्रण, रॉक संगीत). १९७९-८० मध्ये ध्वनिमुद्रित केलेला तिचा स्वतंत्र गीतसंग्रह १९९६ मध्ये प्रकाशित झाला.

ॲनोरेक्सिया नर्व्होसा या आहारविकारातून उद्‌भवलेल्या हृदयविकाराने डाउनी येथे तिचे निधन झाले. तिच्या मृत्यूनंतर या विकाराविषयी व्यापक जनजागृती झाली (पहा : आहारविकार).